काजूच्या दुसऱ्या गावी

दिवस पहिला, शनिवार

मुंबईच्या विमानतळावर सोडायला आई आणि भाऊ आले. बाबा आले नाहीत. दोडामार्ग तालुक्यात आमची साडेतीन एकर काजूची बाग आहे आणि जानेवारीच्या शेवटी बागेत माणूस हवाच, हे कारण खरं होतं. पण दुसरंही एक कारण होतं. दर मार्चात बाबा बी घेऊन बाजारात जातात आणि व्यापारी दर पाडून एकच वाक्य ऐकवतो, "आफ्रिकेची बी इली हा." आमच्या घरात 'आफ्रिकन बी' हा शब्द मी लहानपणापासून शिवीसारखा ऐकला. आणि आता मी तीच बी तपासायला, घानातल्या वेंची नावाच्या गावात दोन वर्षं राहायला निघालो होतो. आदल्या रात्री बाबा एवढंच म्हणाले, "जा. पण बघून सांग, कोण पिकयता ती बी."

सामानात दोन किलो मालवणी मसाला, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि नमुन्याचे काजू कापायचा अडकित्त्यासारखा कटर. मुंबई ते आदिस अबाबा सहा तास आणि तिथून अक्रा पुन्हा सहा तास. आफ्रिका किती रुंद आहे ते या दुसऱ्या सहा तासांत कळलं. अक्राला उतरल्यावर पासपोर्टच्याही आधी पिवळं कार्ड बघतात, म्हणजे पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला. ही लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. कुणी इकडे यायचं ठरवत असेल तर तिकिटाआधी लशीची तारीख बघा.

बाहेर आल्यावर मे महिन्यातल्या वेंगुर्ल्यासारखी चिकट हवा अंगावर आली. घड्याळ साडेपाच तास मागे केलं. मच्छरदाणी बॅगेच्या तळाशी होती, एका रात्रीसाठी ती काढायचा कंटाळा केला आणि पंख्याखाली झोपलो.

दिवस दुसरा, रविवार

अक्रा ते कुमासी साधारण अडीचशे किलोमीटर. रविवार असल्यामुळे रस्त्यावर गर्दी कमी होती आणि बाकी सगळं गाव कडक इस्त्रीचे कपडे घालून चर्चच्या वाटेला. बस सुटल्यावर एक गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी अर्धा तास प्रवचन केलं. कुणी कंटाळलं नाही. मागच्या बाकावरून 'आमेन' येत राहिलं. न्सावामला बस थांबली तशा पावाच्या थप्प्या डोक्यावर घेतलेल्या बायका खिडकीशी धावल्या. तिथला पाव प्रसिद्ध आहे, किंचित गोड, हाताला मऊ. एका हाताने पाव वर, दुसऱ्या हाताने सुटे पैसे आणि मान जराही हलत नाही. कोकणात पाण्याच्या दोन कळशा एकावर एक घेऊन चढण चढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, तरी बघत राहिलो.

कुमासीला कंपनीची गाडी आली होती. ओफिन्सो मागे पडल्यावर दाट जंगल विरळ होत जातं. टेचिमानच्या पुढे तर झाडं सुटी सुटी आणि मध्ये उंच पिवळं गवत. दक्षिणेचं रान आणि उत्तरेचा माळ यांच्या सांध्यावरचा हा पट्टा आहे आणि काजूला नेमकी अशीच जमीन मानवते. पहिली बाग दिसली तेव्हा मी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितली. तीच पानं, तोच वास, फांदीच्या टोकाला तोच गुलाबी रेघांचा मोहोर. फक्त जमीन सपाट. आमच्याकडे काजू डोंगरउतारावर आणि जांभ्यात. इथे तांबड्या मातीच्या मैदानात, रांगेत.

संध्याकाळी वेंचीत पोचलो. भाड्याची खोली एका मोठ्या अंगणाच्या घरात होती. मालकीण साठीची, रुंद चेहऱ्याची. सगळे तिला 'आंटी' म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. मी कोण, कुठला, भाडं कधी देणार, काही न विचारता तिने आधी लाकडी बैठक पुढे केली. मग पाणी. पाणी पिऊन होईपर्यंत ती गप्प. मग ट्वी भाषेत काही बोलली आणि ड्रायव्हरने सांगितलं, "ती म्हणते, इथे सगळं शांत आहे. वाटेवर तर तुम्ही आहात. काय वर्तमान?" या विचारण्याला 'अमानिए' म्हणतात. पाहुण्याने आपण कशासाठी आलो ते बैठक आणि पाणी मिळाल्यावरच सांगायचं. आमच्याकडेही घरी आलेल्याला आधी गूळपाणी द्यायचं, मग कामाचं बोलायचं, अशी रीत होती. आजीबरोबर ती गेली.

मी म्हटलं, काजूसाठी आलो. आंटी म्हणाली, "अक्वाबा." या, आलात ते बरं झालं.

दिवस तिसरा, सोमवार

सकाळी डोळे उघडले तेव्हा उशीवर बारीक पांढुरकी धूळ. खिडकीबाहेर सूर्य होता, पण चंद्रासारखा फिकट. हा हर्मटान, सहाराकडून येणारा कोरडा वारा. डिसेंबर ते फेब्रुवारी तो वाहतो, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, दोरीवरचे कपडे तासाभरात खडखडीत. काजूच्या मोहोराला मात्र ही कोरडी हवा चांगली. बाबा माघात आभाळ आलं की झोपत नाहीत. इथे त्या दिवसांत ढगच नसतो.

नाक्यावर एक बाई मोठ्या पातेल्यातून 'कोको' विकत होती. बाजरीची आंबवलेली पेज, आलं-लवंग घातलेली. बरोबर 'कोसे', म्हणजे चवळी वाटून तळलेले वडे. पहिला घास घेतला आणि उभ्या उभ्या चार वडे खाल्ले. ती बाई गावातल्या झोंगोत राहते. घानाच्या जवळजवळ प्रत्येक गावाला असा एक झोंगो असतो, उत्तरेकडून, नायजर आणि बुर्किनाकडून व्यापारासाठी आलेल्या लोकांची वस्ती. हौसा भाषेत या शब्दाचा अर्थच वाटसरूंचा तळ असा आहे.

पैसे देताना उजव्या हातात वाटी होती म्हणून डाव्या हाताने नोट पुढे केली. बाईने नोट घेतली नाही. रागावलीही नाही, नुसती हात मांडीवर ठेवून बघत राहिली. मी वाटी खाली ठेवली, नोट उजव्या हातात घेतली, मग तिने ती घेतली आणि हसली. प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून माझ्या हातावर आजीने मारलेली चापट आठवली.

संध्याकाळी आंटीने समोर बसवून आणखी एक गोष्ट सांगितली. सकाळी मी अंगणाबाहेर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या समोरून न बोलता गेलो होतो. ते दोघे दुपारी विचारून गेले, तुझ्या पाहुण्याला बरं नाही का? इथे समोर माणूस दिसला की आधी नमस्कार, मग आपलं काम. सकाळी 'माचे', दुपारी 'माहा', संध्याकाळी 'माजो'. मी वहीत लिहून घेतलं आणि लगेच बाहेर जाऊन दोघांना 'माजो' म्हणून आलो.

मग तिने विचारलं, कोणत्या वारी जन्मलास? गुरुवार. "म्हणजे तू याव," ती म्हणाली आणि विषय संपला. इथे प्रत्येकाला जन्मवाराचं नाव असतंच. शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे कोफी अन्नान आणि घानाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा ही नावं ऐकताना त्यांच्यात वार दडलाय हे मला कधी माहीत नव्हतं. गुरुवारची मुलगी याआ. धरणीमातेलाही इथले ट्वी बोलणारे अकान लोक 'आसासे याआ' म्हणतात, गुरुवारची धरणी. आमच्याकडे सोमा, मंगळू, बुधाजी अशी नावं असायची. मी गुरुवारचा, दत्ताच्या वारी झालो, म्हणून आईने माझं नाव दत्ता ठेवलं. दोन्हीकडे एकाच वाराने माझं बारसं झालं, हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं.

दिवस चौथा आणि पाचवा

कागदपत्रं. सुन्यानी हे बोनो विभागाचं मुख्य ठिकाण, तिथे दोन फेऱ्या. राहण्याचा परवाना, परदेशी माणसाचं ओळखपत्र, बोटांचे ठसे, सिमकार्ड, मोबाइलवरचं पैशाचं खातं. हे खातं आधी उघडा. भाजीवालीपासून घरभाड्यापर्यंत सगळे 'मोमो'नेच पैसे घेतात.

रांगेत बसलो असताना शेजारच्या निवृत्त शिक्षकाशी बोलणं झालं. मी वेंचीत राहतो म्हटल्यावर ते म्हणाले, बुसियांचं गाव. कोफी अब्रेफा बुसिया हे वेंचीचे सुपुत्र, समाजशास्त्राचे प्राध्यापक, १९६९ ते १९७२ या काळात घानाचे पंतप्रधान. त्यांच्याच सरकारने नोव्हेंबर १९६९ मध्ये हुकूम काढला होता की, ज्या परदेशी माणसांकडे राहण्याचा परवाना नाही त्यांनी दोन आठवड्यांत देश सोडावा. लाखोंच्या संख्येने लोक गेले, त्यात कित्येक जण तिथेच जन्मलेले. शिक्षकांचे एक वर्गमित्र त्यात गेले ते परत भेटले नाहीत. हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या मांडीवर त्याच परवान्याची फाइल होती. मला कोकोवाली आठवली. मी करार घेऊन विमानाने आलेला, म्हणून मला मान मिळतो. तिच्या आजोबांना तो मिळाला असेल का, हे दिवसभर मनात राहिलं.

दिवस सहावा, गुरुवार

टेचिमानचा बाजार. वेंचीहून तीस किलोमीटर. पश्चिम आफ्रिकेतल्या मोठ्या बाजारांत याची गणना होते आणि ते बाजारात शिरताच पटतं. बुर्किना फासो, नायजर, मालीच्या नंबरांचे ट्रक ओळीने उभे. सुरणाच्या कुळातले नव्हेत, पण आमच्या कणगरांचे थोरले भाऊ शोभतील असे याम, माणसाच्या मांडीएवढे, भिंतीसारखे रचलेले. मिरची, आलं, चवळी, भुईमूग, भेंडी, पांढरी अंड्याएवढी वांगी. धान्य मोजायला 'ओलोंका' नावाचा पत्र्याचा डबा. शीग लावून, वर हाताने आणखी चिमूटभर टाकून देतात. माझ्या आजोळी पायलीने भात मोजताना असंच करायचे.

मग वारा फिरला आणि सुक्या मासळीचा वास आला. डोळे मिटून मी मालवणच्या सुक्या बाजारात उभा होतो. धुरावलेले मागूर जातीचे मासे शेपटी तोंडात अडकवून गोल केलेले, बारीक सुके मासे ढिगाने, आणि खारवून वाळवलेला तिलापिया, ज्याला इथे 'कोबी' म्हणतात. अर्धा ओलोंका बारीक मासे घेतले. घरून निघाल्यापासून पोटात जी एक पोकळी होती ती त्या वासाने भरली.

इथलं चलन सेडी. हा शब्द कवडीच्या अकान नावावरून आलाय. कधीकाळी या बाजारांत कवड्यांनी व्यवहार व्हायचे, आणि त्या कवड्या मालदीवच्या समुद्रातून, म्हणजे आमच्या बाजूच्या पाण्यातून, हजारो मैल फिरून इकडे यायच्या. आमच्या भाषेत कवडीमोल म्हणजे ज्याला किंमत नाही ते. काजूचा दर पडला की बाबा हाच शब्द वापरतात.

परतीला वेंचीच्या स्थानकावर तीनचाकी रिक्षा केली. इथे तिला 'प्रागिया' म्हणतात. पुढच्या काचेखाली बजाजचं नाव होतं. ड्रायव्हरला सांगितलं, ही गाडी करणारे पुण्याचे. त्याने विचारलं, तुझा भाऊ तिथे कामाला आहे का? सुटा भाग मिळाला असता.

दिवस आठवा, शनिवार

गाव काळं-लाल झालं होतं. शनिवारी इथे अंत्यविधीचे मोठे कार्यक्रम असतात आणि त्याला काळे किंवा लाल-काळे कपडे घालतात. आंटीच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्याचं होतं. "तू या घरात राहतोस, तुला यावं लागेल," ती म्हणाली आणि तिने एक काळं कापड माझ्या खांद्यावर टाकलं.

मंडपात बसलेल्या प्रत्येकाशी हस्तांदोलन करायचं, उजवीकडून सुरू करून रांग संपेपर्यंत. मी निदान दोनशे हात हातात घेतले. एका टेबलाशी 'न्सावा' द्यायची, म्हणजे शोकाच्या घराला पैशाची मदत. लगेच पावती मिळते आणि माइकवरून पुकारतात, "याव, इंडियाहून." सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. आमच्या वाडीत मयताच्या घरी शेजारी न बोलावता भात आणि पिठी घेऊन जातात, कुठे लिहून ठेवत नाहीत, पण कुणी आणलं आणि कुणी नाही ते सगळ्यांच्या लक्षात असतं. इथे ते लिहिलं जातं एवढंच. त्या दिवसापासून मला रस्त्यात 'ओब्रोनी', म्हणजे परका माणूस, अशी हाक कमी आणि 'याव' जास्त ऐकू येऊ लागली.

दिवस दहावा, सोमवार

हंगामाची पहिली बी. गावाबाहेर दहा-बारा किलोमीटरवर, एका म्हातारीच्या बागेत. बरोबर खरेदीचा हिशोब ठेवणारा तरुण, तोच आमचा दुभाष्या.

झाडाखाली पिवळ्या-लाल बोंडूंचा सडा आणि त्यांचा आंबूस वास, अगदी हुर्राक, म्हणजे बोंडूची दारू, काढायच्या दिवसांतला. बी पिरगळून काढतात आणि बोंडू तिथेच टाकतात. आमच्याकडे याची दारू करतात म्हटल्यावर म्हातारीने बोंडू उचलून हुंगलं. त्यांची हातभट्टीची 'अक्पेतेशी' ताडीची किंवा उसाची. काजूचं असं काही तिच्या कानावर आलेलं नव्हतं.

मी वजनकाटा मांडला. म्हातारी घरात गेली आणि पाण्याच्या पिशव्यांचा सीलबंद गठ्ठा घेऊन आली. इथे पिण्याचं पाणी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक पिशवीत मिळतं आणि तीस पिशव्यांचा गठ्ठा असतो. तो तिने काही न बोलता काट्यावर ठेवला. तीस अर्धे म्हणजे पंधरा किलो. काट्याने पंधराच्या किंचित वर दाखवलं. तिने मान हलवली, गठ्ठा उचलला, मग पहिलं पोतं ठेवू दिलं. गेल्या हंगामात एका फिरत्या खरेदीदाराच्या काट्याने तिची पोत्यामागे चार किलो बी खाल्ली होती.

मी तिथे उभा होतो आणि मला बाबा दिसत होते. बाबा बाजारात जाताना पिशवीत मिठाच्या एक किलोच्या पुड्या नेतात.

मग नमुना. ढिगाच्या वरून, मधून, तळातून मूठ मूठ घेऊन एक किलो. आधी मोजल्या, १९० बिया. मग एकेक बी कटरमध्ये धरून उभी चिरायची आणि टोचणीने गर काढायचा. पांढरा, भरलेला गर एका बाजूला. डाग पडलेला किंवा सुरकुतलेला दुसऱ्या. काळा, पोकळ तिसऱ्या. म्हातारी माझ्यासमोर उकिडवी बसून प्रत्येक बी बघत होती. तासभर लागला. चांगला गर २४८ ग्रॅम. डागी ४८, तो अर्धाच धरायचा, म्हणजे २४. एकूण २७२ ग्रॅम. या धंद्याचा हिशोब अजून पौंडात चालतो, ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल असा. उत्तर आलं ४८. बोनोच्या बीला हा आकडा चांगला. दुभाष्याने सांगितल्यावर ती म्हणाली, "दरवर्षी माझा नमुना लोक घेऊन जातात आणि आकडा सांगत नाहीत. आकडा तूच पहिल्यांदा सांगितलास."

चिरताना कवचाचं तेल उडालं. ते चामडी जाळतं. तिने घरातून राख आणून माझ्या हाताला चोळली. तेव्हा तिची बोटं जवळून पाहिली. नखांच्या कडेला आणि अंगठ्याच्या पेरावर काळे, सोललेले चट्टे. काजू फोडायला जाणाऱ्या आमच्या वाडीतल्या बायकांच्या बोटांवर हेच चट्टे असतात. माझ्या आईच्या उजव्या अंगठ्यावर अजून आहे.

तिने विचारलं, दर कोण ठरवतं? मी सांगायला लागलो. इथे झाडपिकांसाठी २०१९ च्या कायद्याने एक सरकारी प्राधिकरण झालंय, ते हंगामाआधी किमान दर जाहीर करतं. ते तिला माहीत होतं. तिचा प्रश्न होता, त्याच्या वरचा दर कोण ठरवतं? मी म्हटलं, व्हिएतनाम आणि भारतातले कारखानदार, शेजारच्या आयव्हरी कोस्टचं पीक, बोटीचं भाडं. शिवाय भारतात माझे वडीलही काजू पिकवतात आणि तुमची बी तिथे पोचली की त्यांचा दर पडतो. हे सांगायची गरज नव्हती, पण न सांगता तिच्यासमोर बसणं मला जमलं नाही. दुभाष्याने थबकून माझ्याकडे पाहिलं, मग सांगितलं. म्हातारी बराच वेळ गप्प होती. "त्यांची किती झाडं?" तिने विचारलं.

दिवस बारावा ते चौदावा

ताप. बुधवारी दुपारी थंडी भरली, दोन चादरी घेऊन दात वाजत होते. आंटीने कपाळाला हात लावला आणि प्रागिया बोलावली. बोटातून रक्ताचा थेंब, पंधरा मिनिटांत पट्टीवर दुसरी रेघ. मलेरिया, इथला फाल्सिपेरम, म्हणजे त्यातला घातक प्रकार. डास चावल्यापासून ताप यायला आठवडा ते दोन आठवडे जातात, म्हणजे हिशोब अक्राच्या मच्छरदाणीशिवायच्या रात्रीपर्यंत पोचतो. चार गोळ्या सकाळी, चार रात्री, तीन दिवस, आणि त्या काहीतरी स्निग्ध खाऊनच घ्यायच्या, नाहीतर औषध अंगी लागत नाही. इकडे येणाऱ्यांना कळकळीने सांगतो: ताप आला की 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी रक्त तपासा, आणि इथून भारतात परतल्यावर ताप आला तरी डॉक्टरला आफ्रिकेतून आलोय हे पहिल्या वाक्यात सांगा.

तीन दिवस आंटी टोमॅटो-मिरचीचं पातळ, तिखट सूप पाजत होती. दुसऱ्या रात्री अडीचला जाग आली तर ती दाराबाहेर बाकावर बसून होती.

दिवस सोळावा, रविवार

आंटीच्या परसात तीन काजूची झाडं आहेत. तिला विचारून ओंजळभर कोवळ्या हिरव्या बिया काढल्या, हाताला खोबरेल लावून चिरल्या, गर सोलले. खोबरं भाजून मालवणी मसाल्याबरोबर वाटलं आणि ओल्या काजूगरांची उसळ केली. चर्चहून आल्यावर आंटीने झाकण उघडून पाहिलं. मी जेवायला बसताना इथल्या रीतीप्रमाणे म्हटलं, "तुम्हाला आमंत्रण आहे." तिने उकडलेला याम आणला. पहिला घास घेऊन ती थांबली. तीस वर्षं ही झाडं तिच्या दारात आहेत, बी वाळवून विकायची एवढंच तिला माहीत. हिरवी बी अशी मऊ, गोडसर लागते हे तिला आज कळलं. तिने मुलीला हाक मारली, मुलीने शेजारणीला. माझ्या वाट्याला तीन चमचे उसळ उरली आणि मी ती फार आनंदाने खाल्ली.

रात्री घरी फोन केला. आईनंतर बाबांनी फोन घेतला, आल्यापासून पहिल्यांदाच. मी म्हातारीबद्दल सांगितलं, पाण्याचा गठ्ठा, ४८चा आकडा, सगळं. बाबा ऐकत होते. "एकटीच असा?" हो, मुलगा कुमासीला. "किती झाडा तिची?" दोनशेच्या आसपास. बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "मोहोराक ढेकण्या लागता काय रे थंय? इचार तिका."

दिवस सतरावा, सोमवार

खरेदीचं गाव आज दुसरं होतं, पण सकाळी लवकर निघून आधी म्हातारीकडे गेलो. माचे, बैठक, पाणी. मग वर्तमान सांगितलं: माझ्या वडिलांनी विचारलंय, तुमच्या मोहोरावर एक लांब पायांचा डासासारखा किडा बसतो का? दुभाष्याला तो किडा सांगता येईना, म्हणून मी मातीत काडीने काढून दाखवला. तिने चित्राकडे पाहिलं आणि माझं मनगट धरून मला बागेच्या पलीकडच्या टोकाला नेलं. तिथल्या झाडाची कोवळी टिकशी वाकवून दाखवली. देठावर काळे, खोलगट डाग, आणि त्यापुढचा मोहोर जळल्यासारखा वाळलेला.

मी फोटो काढून बाबांना पाठवला. तिकडे दुपार झाली होती. दोन मिनिटांत उत्तर आलं.

"तोच. तिका सांग, सकाळच्या पारी बघूक व्हयो, ऊन वर इला काय तो दिसना नाय."